हल्ल्यानंतरचे पंधरा दिवस: सोसायटीचा ग्रुप कसा सांभाळायचा

सिंहगड रोडवरच्या 84 फ्लॅटच्या एका सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. 34 वर्षं बँकेत काढली, निवृत्तीनंतर हे काम अंगावर आलं आणि त्याच्याबरोबर सोसायटीच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपदही. ग्रुप आहे टँकर, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी. पण 22 एप्रिल 2025 च्या मंगळवारी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात 26 जणांना मारलं. त्यांत महाराष्ट्राचे सहा, आणि त्या सहांत दोन आपल्या पुण्याचे. त्या रात्री ग्रुपवर पाण्याचं कुणी विचारलं नाही. सकाळी फोन हातात घेतला तेव्हा 412 मेसेज वाचायचे होते. हळहळ होती, संताप होता, आणि बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दोन काश्मिरी मुलांबद्दल सात मेसेज होते.

पुढच्या पंधरा दिवसांत मी काय केलं, कुठे चुकले आणि पुन्हा अशी वेळ आलीच (येऊ नये) तर काय करीन, ते लिहून ठेवते आहे. तुम्ही सोसायटीचे, भिशीचे, शाळेच्या पालकांचे, मंडळाचे, कुठल्याही ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर तुमच्या कामी येईल.

पहिला तास: आपली माणसं मोजा

13 फेब्रुवारी 2010. शनिवार होता, बँक अर्धा दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. माझी भाची तेव्हा त्याच भागात नोकरीला होती. फोन लागेना. सुरुवातीच्या बातम्यांत सिलिंडर फुटल्याचं सांगत होते. जिन्यात बायका जमल्या होत्या, त्यांना मी ठासून सांगितलं, "सिलिंडर फुटलाय, घाबरू नका." बँकेतली बाई सांगते आहे म्हटल्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. शेजारचा मुलगा गाडी काढून बघायला निघालासुद्धा, सिलिंडरच तर आहे म्हणून. रात्री कळलं की तो बॉम्ब होता, बेकरीत ठेवलेल्या बॅगेतला. मृतांचा आकडा पुढे 17 पर्यंत गेला. त्या मुलाला पोलिसांनी वाटेतूनच परत पाठवलं म्हणून तो घरी आला. भाचीचा एसएमएस साडेनऊला आला, तोवर माझ्या बहिणीने देव पाण्यात ठेवले होते.

धीर द्यायला म्हणून सांगितलेली चुकीची गोष्टही अफवाच असते, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून पहिल्या तासात मी काय झालं ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. फक्त आपली माणसं मोजते. कोण प्रवासाला गेलंय, कोण त्या भागात नोकरीला आहे, याची यादी करायची. प्रत्येक घरासाठी एकाच माणसाने फोन करायचा, दहा जणांनी नाही. लाइन मिळत नसेल तर मेसेज टाकून थांबायचं. पहलगामच्या वेळी आमच्याकडची दोन कुटुंबं काश्मीरला गेलेली होती. मी ग्रुपवर "त्यांचं काय झालं?" असं विचारलं नाही. त्यांच्या मुलांना थेट फोन केले आणि मग एकच ओळ टाकली: "ए-304 चे काका-काकू श्रीनगरला हॉटेलवर आहेत, सुखरूप. त्यांच्या मुलाचं त्यांच्याशी 6.40 ला बोलणं झालं." कुणाशी बोलणं झालं आणि किती वाजता, या दोन गोष्टी लिहाच. रात्री अकराला तोच मेसेज कुणी पुन्हा वाचला तरी गोंधळ होत नाही.

व्हिडिओ पाठवण्याआधी

इथे माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याही हातून होईल.

हल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांत एक व्हिडिओ आला. बर्फाळ डोंगरासमोर एक तरुण जोडपं नाचतंय. खाली लिहिलेलं, हल्ल्यात गेलेला नौदलाचा अधिकारी आणि त्याची पत्नी, शेवटचे क्षण. लग्नाला आठवडाही झाला नव्हता त्यांच्या. मला रडू आलं, आणि डोळे पुसायच्या आधी मी तो भिशीच्या ग्रुपवर टाकला. पुढे त्या व्हिडिओतल्या जोडप्यानेच समोर येऊन सांगितलं की हे आम्ही आहोत, आम्ही जिवंत आहोत. म्हणजे आम्ही हजारो लोकांनी एका जिवंत जोडप्याला श्रद्धांजली वाहिली होती आणि ज्या मुलीवर खरंच आकाश कोसळलं होतं तिच्या नावावर भलताच व्हिडिओ फिरवला होता.

"रडू आलं" किंवा "रक्त उसळलं" असं झालं की तोच थांबायचा इशारा समजा. मेसेजवर दोन बाणांची खूण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं असेल तर पाठवणाऱ्यालाही तो कुठून आला ते माहीत नाही. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून बघा, व्हिडिओ असेल तर एक चित्र थांबवून त्याचा स्क्रीनशॉट टाका. जुना असेल, दुसऱ्या देशातला असेल, तर बहुतेक वेळा मिनिटभरात कळतं.

आणि चुकून गेलाच, तर नुसता डिलीट करू नका. तोवर तो पाच जणांनी पुढे पाठवलेला असतो. त्याच ग्रुपवर लिहा. मी लिहिलं होतं: "मी दुपारी टाकलेला नाचाचा व्हिडिओ त्या अधिकाऱ्याचा नाही. त्यातलं जोडपं वेगळं आहे. ज्यांना पुढे पाठवलात त्यांना हा मेसेजही पाठवा. चूक माझी." भिशीतल्या दोघींनी तेवढ्याच तत्परतेने तो पुढे पाठवला.

मृतदेहांचे, जखमींचे फोटो मी कारण न विचारता काढून टाकते. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ते फोटो एखाद्या दिवशी त्या घरातल्या मुलापर्यंत पोहोचतात.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पुण्यात लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय. गाड्यांचा ताफा दिसला की मुलं व्हिडिओ काढतात. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत टीव्हीवर कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या जात होत्या आणि पलीकडे बसून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणारे तेच बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाबच्या निकालात वाहिन्यांना यावरून खडसावलं. पहलगामनंतर सरकारनेही माध्यमांना असं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून बजावलं. जे वाहिनीला लागू, ते आपल्या बाल्कनीला लागू. आमचे सी विंगमधले नाना सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी एकाच ओळीत सांगितलं, "ट्रक मोजायची हौस असेल तर मनात मोजा." तेवढं पुरलं.

ग्रुप कधी बंद करायचा, कधी उघडायचा

बुधवारी रात्री साडेदहाला मी "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग लावली. दोन घरांतून लगेच फोन आले, आमचं तोंड का बंद करता म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लोकांना बोलायचं असतं, बोलल्याशिवाय दुःख बाहेर पडत नाही. म्हणून आता मी ही सेटिंग फक्त रात्री दहा ते सकाळी आठ लावते, आणि लावायच्या आधी सांगते: "ग्रुप सकाळी आठला उघडेल. रात्री कुणाला वैद्यकीय किंवा पोलिसांची मदत लागली तर 112, आणि मला थेट फोन." भांडणं रात्रीच पेटतात. सकाळी आठला त्याच माणसाचा सूर वेगळा असतो, हे मी पंधरा दिवस पाहिलंय.

अ‍ॅडमिन लोक कायद्याला घाबरून ग्रुपच सोडतात. एक माहीत असू द्या. एखाद्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं आणि अ‍ॅडमिनचा त्यात हात नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला आरोपी करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय. लिहिणाऱ्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावर असते. दोन समाजांत वैर पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी हे कलम ग्रुपवर कधी फेकलं नाही. ज्याने लिहिलं त्याच्या घरी जाऊन, चहा घेताना, एकट्याला सांगितलं. चारचौघांत सांगितलं असतं तर तो हट्टाला पेटला असता.

श्रद्धांजली

गुरुवारी पुण्याच्या त्या दोघांचे अंत्यसंस्कार वैकुंठ स्मशानभूमीत झाले. संध्याकाळी सातला आम्ही गणपतीचा मांडव घालतो त्या जागी जमलो. अशा सभेसाठी फार काही लागत नाही. मृतांच्या नावांचा कागद मोठ्या अक्षरांत छापून घ्या, उच्चार आधी वाचून बघा, आणि ज्याला भाषणाची सवय नाही अशा माणसाकडून वाचून घ्या. आमच्याकडे बारावीतल्या मुलीने वाचली. माइक नको, फ्लेक्स नको. एका कार्यकर्त्याने फ्लेक्स करून देतो म्हटलं होतं, त्यावर वर नेत्याचा फोटो येणार होता. मी म्हटलं, ज्यांची नावं वाचणार त्यांचेच फोटो आपल्याकडे नाहीत, तर हा कशाला. तो समजला.

यादीवर एकाने हरकत घेतली. पर्यटकांना घोड्यावरून वर नेणारा तिथला एक स्थानिक तरुणही हल्ल्यात मारला गेला होता, सय्यद आदिल हुसेन शाह. "त्याचं कशाला?" मी म्हटलं, 26 म्हणजे 26. पंचवीस वाचायची असतील तर यादी मी तुमच्या हातात देते, तुम्ही वाचा. त्यांनी घेतली नाही. मुलीने सगळी नावं वाचली.

आणि याच्या उलटही सांगते. एका सुशिक्षित बाईंनी मला बाजूला घेऊन सुचवलं की धर्म विचारून मारलं, हे सभेत कुणी बोलू नये, वातावरण बिघडतं. मला ते पटलं नाही. वाचलेल्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे ती. ज्या बायकांसमोर नवरा मारला गेला, त्यांच्या तोंडचं वाक्य आपण आपल्या सोयीसाठी गाळायचं नाही. धर्म विचारून मारलं हे खरं, आणि घोडेवाला आदिल त्यातच गेला हेही खरं. दोन्ही एकाच कागदावर मावतं.

ज्यांचं माणूस गेलं त्यांनी काय बोलावं हे आपण ठरवायचं नाही. त्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने 1 मे ला, नवऱ्याच्या वाढदिवशी ठेवलेल्या रक्तदान शिबिरात सांगितलं की मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. तिच्यावर लोक असे तुटून पडले की राष्ट्रीय महिला आयोगाला निवेदन काढावं लागलं. आमच्या ग्रुपवरही एकाने तिच्याबद्दल वंगाळ लिहिलं. या एका मेसेजसाठी मी कुणाला विचारलं नाही, काढला, आणि लिहिणाऱ्याला तसं कळवलं. दुसऱ्या एखाद्या विधवेने सूड मागितला असता तरी मी तिच्याविरुद्धचा मेसेज असाच काढला असता.

वाद कसा चालू द्यायचा

वाद होऊ नये असं मला वाटत नाही. माणसं मेली आहेत आणि कुणीतरी त्यांच्या सुरक्षेसाठी पगार घेत होतं. विचारायलाच हवं.

बुधवारी ए विंगमधल्या एका तरुणाने लिहिलं, "एवढे पर्यटक वर जात होते, तर तिथे बंदोबस्त का नव्हता?" साधा प्रश्न. दहा मिनिटांत त्याला देशद्रोही म्हणून झालं. एक म्हणाले, ही राजकारणाची वेळ नाही. दुसरे म्हणाले, आत्ता सैन्याच्या पाठीशी उभं राहायचं. तिसऱ्यांनी मागच्या सरकारच्या काळातल्या स्फोटांची यादीच टाकली. मुलाने मग पंतप्रधानांवर काहीतरी बोचरं लिहिलं आणि मूळ प्रश्न वाहून गेला.

तेव्हा नाना बोलले. सैन्यातला माणूस, सहसा ग्रुपवर "शुभ सकाळ"सुद्धा टाकत नाहीत. त्यांनी लिहिलं, "प्रश्न सैन्याच्या विरुद्ध कसा? आमच्याकडे प्रत्येक चकमकीनंतर आम्हीच विचारायचो, गस्त कुठे होती, कुणी ढिलाई केली. न विचारणाऱ्या तुकडीत पुढच्या वेळी जास्त माणसं मरतात." त्यानंतर अर्धा तास ग्रुप शांत होता.

यातून मी एक पद्धत बसवली. अंत्यसंस्कार होईपर्यंत पक्षांची नावं नकोत, एवढीच विनंती केली. प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून चालतील. फरक कसा करायचा? वाक्यात पक्षाचं नाव असेल तर भांडण होतं, पदाचं नाव असेल तर प्रश्न होतो. "तुमच्या लोकांनी देश विकला" याला उत्तर नाही. "तिथल्या बंदोबस्ताची जबाबदारी कुणाची होती?" याला आहे. कुणी पहिल्या प्रकारचं लिहिलं की मी काढत नाही, फोन करून म्हणते, "हेच प्रश्न करून लिहा ना." दहांतले सहा जण लिहितात.

"मागच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" हे तर येणारच. त्याला टाळू नका, खरं उत्तर द्या. मागच्या वेळीही विचारलं होतं. 26/11 नंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी आबांनी, म्हणजे राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी दिला, त्यांना "मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात" अशा अर्थाचं हिंदीतलं एक वाक्य फार महागात पडलं. चित्रपट दिग्दर्शकाला बरोबर घेऊन हल्ला झालेलं ताज हॉटेल बघायला गेलेले विलासराव देशमुखही मुख्यमंत्रिपदावर राहिले नाहीत. लोक नुसते मेणबत्त्या लावून घरी गेले असते तर यातलं काही झालं नसतं. त्या रेट्यातूनच डिसेंबर 2008 मध्ये एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला, राम प्रधान समितीने पोलिसांच्या कामाची चौकशी केली, राज्याचं दहशतवादविरोधी फोर्स वन दल उभं राहिलं. हे मी ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं. ज्यांना काँग्रेस आवडत नाही त्यांना त्यात राजीनामे दिसले, ज्यांना भाजप आवडत नाही त्यांना प्रश्न विचारायचा हक्क दिसला. दोघांनाही आपापलं मिळालं, आणि वाद पुढे सरकला.

"कुणी केलं ते आम्हाला माहीत आहे" असं सांगणाऱ्यांना मी तारखा सांगते. जर्मन बेकरी प्रकरणात 2013 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने कटाच्या मुख्य आरोपांतून त्याला सोडलं, स्फोटकं बाळगल्याची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. मालेगावच्या 2006 च्या स्फोटांत आधी पकडलेल्या नऊ मुसलमानांना 2016 मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केलं. न्यायालयांना इतकी वर्षं लागतात, तिथे आपण रात्री नऊच्या चर्चेवरून निकाल देऊ नये. आणि आरोपी सुटले म्हणजे गेलेली माणसं परत आली असंही नाही. ज्यांचं गेलं त्यांना खरा गुन्हेगार हवा असतो, हाताला लागलेला कुणीतरी नको असतो.

शेवटी मी चार प्रश्न एका कागदावर लिहिले. बंदोबस्त का नव्हता? आधी काही सूचना मिळाली होती का? मारेकरी कुठे गेले? यापुढे अशा ठिकाणी लोकांना वर सोडण्याआधी बंदोबस्त आहे की नाही हे कोण बघणार? त्याखाली 51 जणांनी सह्या केल्या. त्यांत तो ए विंगचा मुलगा होता, आणि त्याला देशद्रोही म्हणणारे दोघे होते. कागद खासदारांच्या कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली आणि एक प्रत नोटीस बोर्डाच्या काचेआड लावली.

शेजारी

आता ते सात मेसेज.

बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बारामुल्लाकडची दोन मुलं राहतात, इंजिनिअरिंगला आहेत. पहिला मेसेज होता, "यांची पडताळणी झालीय का?" सातवा होता, "उद्याच्या उद्या बाहेर काढा."

पहिल्या मेसेजला लगेच उत्तर द्या, सातव्याची वाट बघू नका. मी बुधवारी सकाळी साडेआठला फाइल काढली. 11 महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, भाडेकरूंची पोलिसांकडे दिलेली माहिती आणि तिची पोच, कॉलेजच्या ओळखपत्रांच्या प्रती. ग्रुपवर लिहिलं: "दोघांची पोलीस पडताळणी झालेली आहे. कागद ऑफिसात आहेत, कमिटीच्या कुणीही येऊन बघावेत." प्रती टाकल्या नाहीत. त्यावर त्यांचे पत्ते आणि आधार क्रमांक असतात. ही फाइल हल्ल्यानंतर करू नका. आज करा, सगळ्या भाडेकरूंची, बारामुल्लाच्या आणि बारामतीच्या दोघांची सारखीच.

मग वर गेले. दाराशी नावांचा कागद असायचा, संगणकावर छापलेला. तो नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे दाराला राहिले होते. बेल वाजवली, आतून आवाज नाही. "अरे, मी काकू," म्हटल्यावर दार उघडलं. दिवसा पडदे लावलेले, दिवा बंद. गादीवर दोन बॅगा भरून ठेवलेल्या आणि मधे पुस्तकं तशीच पसरलेली. धाकट्याची परीक्षा जवळ आली होती. थोरला हिंदीत म्हणाला, "आंटी, रात की गाडी देख रहे हैं। किसी को तकलीफ नहीं देंगे।" मी विचारलं, जेवलात का. काल दुपारपासून खाली उतरले नव्हते.

मी घरून आमटी-भात नेला, आणि नानांना वर घेऊन गेले. नाना त्यांच्या गावाजवळच्या छावणीत तीन वर्षं होते. त्यांनी तिथल्या पुलाचं नाव घेतलं, बाजाराचं घेतलं. थोरल्याने दिवा लावला. नानांनी रात्रीच्या वॉचमनला मुलांसमोर बजावलं की बी विंगला अनोळखी माणूस सोडायचा नाही. माझा नंबर, नानांचा नंबर आणि 112 दोघांच्या फोनमध्ये घालून दिले. कात्रजला सरहद ही संस्था आहे, काश्मिरी मुलांना पुण्यात शिकवण्याचं काम ती कित्येक वर्षं करते आहे, त्यांच्याशीही बोलून ठेवा म्हटलं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सूर मऊ झाला होता, पण मुद्दा तोच. "त्यांच्याच सुरक्षेसाठी त्यांनी काही दिवस जावं." मी म्हटलं, सुरक्षेसाठी वॉचमन आहे, आणि करार संपवायचा तर तो घरमालकाने कायद्याने, सोसायटीला तो अधिकार नाही. तरीही ठराव करायचा असेल तर करू. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावं सहीसकट लागतील. रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं आणि पेन त्यावर ठेवलं. ते तसंच राहिलं. अशा मागण्या "लोक म्हणतायत" या नावाने येतात, म्हणून नाव लिहायला सांगा. कुणी सही केलीच, तर निदान कुणाशी बोलायचं ते कळतं.

हे मी एवढं का लावून धरते? जून 2014 मध्ये आपल्याच हडपसरमध्ये फेसबुकवरच्या बदनामीच्या पोस्टवरून शहर पेटलं आणि नमाज पढून घरी निघालेल्या एका तरुण आयटी इंजिनिअरला जमावाने ठार मारलं. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दाढी-टोपी एवढंच दिसलं. जानेवारी 2023 मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याच्याही सोसायटीत कुणी सेक्रेटरी असेल, असं मला तेव्हापासून वाटत राहतं.

बहिष्काराचंही येतं. मे महिन्यात मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं घेणं थांबवलं, कारण त्या देशाने पाकिस्तानची बाजू घेतली. तो त्यांचा निर्णय, एका देशाच्या वागण्यावर होता, त्यावर वाद घालता येतो. पण आमच्या गेटवर 20 वर्षं गाडी लावणाऱ्या बागवानाकडून आंबे घेऊ नका, असा मेसेज आला तेव्हा मी खाली जाऊन दोन डझन घेतले आणि ग्रुपवर नेहमीसारखा भाव टाकला. दुसरं काही लिहिलं नाही.

रक्त, मुलं, टीव्ही

रक्तदानाला सगळी सोसायटी एकाच दिवशी धावू नका. तांबड्या पेशी सुमारे 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. एकदा दिलं की पुरुषांना 90 आणि बायकांना 120 दिवस थांबावं लागतं. रक्तपेढीला फोन करून विचारा, अर्ध्यांनी आज द्या, अर्ध्यांनी महिन्याने. लहान मुलांसमोर टीव्ही बंद ठेवा. मुलाने विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि वर्गातल्या कुठल्याही मुलाला यावरून बोलायचं नाही हे त्याच वाक्यात सांगा. ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी 14416 ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट आहे. सी विंगमधल्या एका काकूंनी तिथे फोन केला होता, त्यांना बरं वाटलं.

पंधरा दिवसांनंतर

7 मे ला ऑपरेशन सिंदूर झालं, 10 मे ला गोळीबार थांबला आणि ग्रुपवर पुन्हा टँकर आले. इथेच बहुतेक सगळे कागद हरवतात. तुम्ही हरवू देऊ नका, कॅलेंडरवर तीन महिन्यांची खूण करा.

जुलैमध्ये जम्मू-काश्मीरचे उपराज्यपाल मनोज सिन्हा यांनी एका मुलाखतीत सांगितलं की पहलगामला सुरक्षेत चूक झाली आणि जबाबदारी माझी. ए विंगच्या मुलाने ते कात्रण ग्रुपवर टाकलं, वर काही लिहिलं नाही. ज्यांनी त्याला एप्रिलमध्ये देशद्रोही म्हटलं होतं, त्यांतल्या एकांनी त्याला लिफ्टमध्ये गाठून खांद्यावर हात ठेवला, एवढं त्याने मला सांगितलं. 28 जुलैला श्रीनगरजवळ तीन मारेकरी मारले गेल्याचं दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं.

बोर्डावरच्या कागदावर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे मी उत्तर लिहून तारीख घातली. दुसऱ्या आणि चौथ्यापुढे समाधान वाटेल असं लिहायला मला अजून काही मिळालेलं नाही. त्या दोन ओळी कोऱ्या आहेत, आणि कागद काचेआड तसाच आहे.